खाडीचा रविवार

पोयनाळच्या खाडीत पाय घातला की माणूस आपोआप नाचायला लागतो, ही बातमी मुंबईच्या एकाही चाकरमान्यानं खरी मानली नाही. मग गणपतीला मंडळी गावी आली, हौसेनं मुळे, म्हणजे शिंपले, काढायला चिखलात उतरली आणि भर दुपारी, ढोलकीशिवाय, अशी काही नाचली की पलीकडच्या तीरावर बघ्यांची गर्दी जमली. येसूकाकी तांडेल धक्क्यावर पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, "भजनाक बोलावलां तर गुडघे दुखतत मेल्यांचे. आता बगा कसे उडतत ते!"

पायांना मुंग्या येत. चिखलातून तळव्यात शिरत आणि पोटरीपर्यंत चढत. त्या जीव घेत नसत, पण जिवाला तिथं थाराही देत नसत. त्या पाठवणारा होता धक्क्यावरचा पिवळा खांब. सरकारी कागदात त्याचं नाव लांबलचक होतं. गाव त्याला सरकारी राखणदार म्हणे. पोयनाळचा खरा राखणदार वेशीवरच्या वडाखाली बसतो आणि वर्षाकाठी एका कोंबड्यावर खूश असतो. ह्या नव्या राखणदाराची भूक केवढी आहे, ते अजून कळायचं होतं.

खांबाची देखभाल मंदाकिनीकडे होती. ती मूळची गडहिंग्लजची, मातीतल्या सूक्ष्म जिवांवर शिकलेली, आणि दाजी गावकरांची सून. नवरा बोटीवर; वर्षातून दोनदा यायचा आणि आला की झोपायचा. दाजी म्हणजे गावाचे पहिले मानकरी. देवाला कौल लावायचा तो त्यांनी, आणि देवानं दिलेला कौल गावाच्या गळी उतरवायचा तोही त्यांनीच. सासरा-सुनेचं बरं जमे, कारण दोघंही हट्टी होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

खांबाची करामत समजायला आधी चिखल समजून घ्यावा लागेल. खाडीच्या चिखलात वर बोटभर थरात प्राणवायू असतो. त्याच्या खाली काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा गंधकी थर, म्हणजे जिवांचा काळ. ह्या दोन थरांमध्ये एक जिवाणू राहतो. केसाहून बारीक, आणि हजारोंनी एकापुढे एक चिकटून दोऱ्यासारखा लांब. हा दोरा खालच्या विषातून इलेक्ट्रॉन उचलतो आणि वरच्या प्राणवायूपर्यंत पोचवतो. थोडक्यात, चिखलात निसर्गानं वायरिंग करून ठेवलेलं आहे. हे शास्त्रज्ञांना पूर्वीच कळलं होतं. नवा शोध एवढाच लागला की ह्या वायरिंगला कान लावला तर खाडीची तब्येत ऐकू येते. आणि बाहेरून हलकासा प्रवाह सोडला तर तब्येत सुधारतासुद्धा येते. विष उतरतं, खारफुटीचं, म्हणजे तिवराचं, रोप धरतं, खेकडे येतात, खेकड्यांमागून मासे आणि माशांमागून बाकीचं जग.

म्हणजे खांबाला कान होते आणि हात होते. कान बारीक तारांचे, हात जाड तारांचे. आणि डोक्यात एक चित्र होतं: निरोगी खाडी कशी असते त्याचं. त्याला म्हणायचं संदर्भ-स्थिती. खांब बसवल्यावर पहिल्या वर्षभरात जो काळ सर्वांत उत्तम ऐकू आला तो त्यानं मनात ठेवला, आणि खाडीला त्या चित्राकडे ढकलायला सुरुवात केली.

ढकललंही झकास. वरच्या अंगाला वाळू उपसून आणि कोळंबीच्या तळ्यांचं पाणी सोडून खाडीचं गटार झालं होतं, ते पाच वर्षांत निवळलं. तिवरं पुरुषभर उंच झाली. आणि एका सकाळी मंदाकिनीनं धक्क्याखाली उदमांजर पाहिलं. नाकावर जुनी जखम असलेली मादी. मंदाकिनीनं तिला नकटी म्हणायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून खांबावर कुणी थुंकलं तरी ती त्याच्याशी भांडायला उठे.

भांडणं वाढत गेली, कारण खांबाची मागणी वाढत गेली. आधी त्यानं जाळी लावणाऱ्यांना मुंग्या आणल्या. मग पाण्यावर येणाऱ्या म्हशींना. मग मुळे काढणाऱ्या बायकांना. बंधाऱ्याची उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायची फळी, त्यानं स्वतःच्या मोटरीवर घेतली आणि बंदच ठेवली. आणि त्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, पुनरुज्जीवन प्राधिकरणाचे रणदिवेसाहेब पुण्याहून आले आणि धक्क्यावर गावाची सभा बोलावली.

रणदिवे मनानं सज्जन होते, आणि सज्जन माणसाशी भांडायला फार जड जातं. ते म्हणाले, "खाडी आदर्शाच्या अगदी जवळ आली आहे. प्रणालीच्या मते आता एकच अडथळा उरलाय."

"खयचो?" दाजींनी विचारलं.

रणदिव्यांनी खाली पाहिलं. "गाव."

मग खांब स्वतःच बोलला. त्याला बोलायला शिकवणाऱ्यानं रेडिओवरच्या बातम्या जन्मभर ऐकल्या असाव्यात. "मानवी वस्तीमुळे संदर्भ-स्थितीत सतत व्यत्यय येतो. वस्ती हलवण्याची शिफारस करण्यात येत आहे."

"शिरा पडली तुझ्या शिफारशीर!" येसूकाकी उठून उभी राहिली. "आमी ह्या खाडयेच्या जिवार जगलंव, आणि तू काल इलंस, इजेच्या खांबा, आणि आमका जा म्हणतंस?"

"घरं तयार आहेत हो," रणदिवे काकुळतीला आले. "हायवेच्या पलीकडे. नळाचं पाणी, पक्का रस्ता. आणि मी ऐकलंय की ह्या महिन्यात तुमची गावपळण आहे. तुम्ही तसेही बाहेर पडणारच. फक्त परत येऊ नका, एवढंच."

गावपळण म्हणजे पोयनाळचा जुना रिवाज. चार-पाच वर्षांनी देव कौल देतो, आणि अख्खा गाव चुली विझवून, दारं ओढून, गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री खोप्यांत राहायचं. गावात जिवंत असं काही मागे ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी देवाला विचारून परत.

दाजी हसले. मंदाकिनीनं ते हसू बघितलं. सासरा असा हसला की मागं हटत नाही, हे तिला माहीत होतं.

येसूकाकीचा राग अजून उतरला नव्हता. ती खांबासमोर जाऊन कमरेवर हात देऊन उभी राहिली. "तुका कशी खाडी व्हयी ती तरी आयकव माका एकदा. बगतंय काय तां सोन्याचा."

"संदर्भ-स्थितीचे ध्वनिमुद्रण सादर करत आहे," खांब म्हणाला.

आणि धक्क्यावर खाडी वाजायला लागली. पाण्याचा चुळबुळ आवाज. खेकड्यांची टिकटिक. खंड्याची शीळ. दूर कुठंतरी माशानं मारलेली उडी. इतकं सुंदर की रणदिव्यांनी डोळे मिटले. कोंबडा नाही, कुत्रं नाही, वल्ह्याचा आवाज नाही. मंदाकिनीलाही भरून आलं. आणि मग, त्या सगळ्या सुंदरपणाच्या अगदी तळाशी, फार लांबून, वारा फिरला तेव्हा, एक बाई कडाकडा भांडत असल्याचं ऐकू आलं.

"...माझ्या कोंब्याक दगड मारलंस? तुज्या बापाशीन पाळलेलो काय तो?"

सगळ्यांनी येसूकाकीकडे बघितलं.

"मियाच ती," येसूकाकी म्हणाली. "गेल्या गावपळणीक. गवळ्याच्या झिलान कोंब्याक दगड मारलेलो."

मंदाकिनीला आठवलं. खांब नुकताच बसला होता, तारा पुरून झाल्या होत्या, आणि अचानक कौल लागला. खांब चालू ठेवायचा की बंद, असा प्रश्न निघाला. तेव्हा दाजींनी विचारलं होतं, "सुनबाई, ह्या जिता आसा की निर्जीव?" ती म्हणाली होती, निर्जीव. निर्जीव वस्तू गावात राहिली तर चालते. म्हणून खांब चालूच राहिला, आणि अख्खं पोयनाळ वेशीबाहेर असताना त्यानं आपल्या आयुष्यातली सर्वांत सुंदर खाडी ऐकली.

"साहेब," ती म्हणाली, "यानं गाव रिकामं असतानाची खाडी आदर्श धरली आहे. वर्षातले बाकी सगळे दिवस तिच्यात माणसं राबतात. चिखल खणतात, म्हशी तुडवतात, उघाडी उघडतात. त्यानंतर तीन दिवसांची विश्रांती मिळाली म्हणून ती तशी वाजली. यानं खाडीला तिच्या रविवारी पाहिलंय, आणि आता म्हणतोय आठवडाभर रविवारच पाहिजे."

"पण आकडे चांगले आहेत ना?"

"आठवडाभर झोपवलेल्या माणसाची नाडीसुद्धा शांत लागते. त्याला उठवून बघा, चक्कर येऊन पडेल. चला, दाखवते."

तिनं रणदिव्यांना तिवरांत नेलं. जे ती रोज बघत होती ते त्या दिवशी पहिल्यांदाच तिला दिसलं, आणि दिसलं तशी ती हादरली. झाडं सगळी एका जातीची, एका उंचीची. शाळेत एकच इयत्ता भरावी तशी. एक कीड आली किंवा एक वादळ आलं की एकदम सगळी जाणार. मुळे एकावर एक, पण कुणी काढत नाही म्हणून खुरटलेले. चिखल वरून गुळगुळीत आणि खाली सिमेंटसारखा घट्ट, कारण त्याला श्वास आता फक्त खांब देत होता. एखादी जागा पुन्हा उभी करायची तर तिला मार खाऊन परत उठायची ताकद द्यायची असते. खांबानं तिला गादी दिली होती.

रणदिव्यांनी वाकून चिखलात बोट खुपसून पाहिलं. मग म्हणाले, "नियमात एक वाट आहे. ताण-चाचणी. अमावास्येच्या उधाणात प्रणालीचा हात तीन दिवस बंद ठेवायचा. खाडी स्वतःच्या पायावर उभी राहिली तर शिफारस रद्द. पडली, तर दुसऱ्या दिवशी गाव हलेल आणि परत मागणी करता येणार नाही. आणि मॅडम, तुम्हीच म्हणताय ती पडेल."

"पडेलच असं नाही म्हणाले."

"पडली तर गाव तर जाईलच, पण तुमची पाच वर्षंसुद्धा जातील. ते उदमांजर जाईल."

त्या संध्याकाळी मंदाकिनीनं दाजींना सगळं सांगितलं. दाजी अंगणात बसून जाळ्याची शिवण घालत होते, जरी जाळं लावायची बंदी होती.

"मामांनू, चाचणी मागायची तर ह्याच अमावास्येला. आणि नेमकी तेव्हाच गावपळण. गाव वेशीबाहेर गेलं तर ते म्हणतील, स्वतःहून रिकामं केलं. वेशीवर मुंग्यांचं कुंपण घालतील. यंदा कौल नको लावूया."

"कौल लागलो. देवान जा म्हणून सांगल्यान."

"मग?"

"मग जाऊचा." दाजींनी दोरा दातानं तोडला. "गावाची शीव माहीत आसा तुका? डोंगराकडे वडापर्यंत. हयसर भरतीच्या रेघेपर्यंत. रेघेच्या पलीकडे गाव नाय."

मंदाकिनीला समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "मामांनू! खाडीत?"

"वेशीच्या भायर जाऊचा, इतक्याच देवान सांगल्यान. डोंगराकडे जा, असा खंय सांगल्यान?"

"अख्खं गाव? म्हशी, कोंबड्या, सगळं? चिखलात?"

"तूच म्हणतंस मा, खाडयेक सोमवार व्हयो?" दाजी म्हणाले. "घे तर मग. सोमवार घेऊन येतंव."

अमावास्येच्या आदल्या सकाळी पोयनाळच्या चुली विझल्या. दारं ओढली गेली. आणि जे लोक आजवर प्रत्येक गावपळणीला वडाच्या दिशेनं गेले, ते सगळे उलट वळून खाडीकडे निघाले. रणदिवे आपल्या माणसांसह वडाखाली गावाला निरोप द्यायला उभे होते. त्यांना तिथं फक्त राखणदाराचा दगड भेटला. धावत धक्क्यावर पोचले तेव्हा खाडीमधल्या जुव्यावर, म्हणजे बेटावर, खोपी उभ्या राहत होत्या. ओहोटीच्या चिखलात म्हशी बसल्या होत्या. बायका ओळीनं मुळे खणत होत्या. कोंबड्या खेकड्यांच्या मागे आणि कुत्री कोंबड्यांच्या मागे धावत होती. एका माणसानं म्हणे सायकलही आणली होती, ती कशाला, ते त्यालाही सांगता आलं नाही.

मंदाकिनी खांबाशी उभी होती. मंजूर झालेल्या चाचणीची किल्ली तिच्या हातात होती.

"ही प्रणालीच्या दृष्टीनं आपत्ती आहे," रणदिवे म्हणाले.

"चाचणी आहे ना? मग नीट ताण देऊ."

तिनं किल्ली फिरवली. जाड तारा मेल्या. बारीक तारा चालू राहिल्या.

पहिल्या दिवशी दुपारीच खाडी पडायला लागली.

आधी वास आला. पाच वर्षं गाडलेला काळा वास, जिथं पाऊल पडेल तिथून वर येणारा. मग तिवरांच्या मुळांशी लहान मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. खांबावर खाडीच्या तब्येतीचा आकडा दिसे, तो घसरत गेला, आणि खांब आपल्या बातम्यांच्या आवाजात सांगत राहिला, "स्थिती गंभीर आहे. हात चालू करण्याची परवानगी द्यावी." थोड्या वेळानं पुन्हा, "परवानगी द्यावी."

उतरत्या उन्हात नकटी दिसली. ती धक्क्याखालून निघाली, एकदा नाक वर करून वास घेतला, आणि खाडीच्या मुखाच्या दिशेनं पोहत गेली. मंदाकिनी ती ठिपका होईपर्यंत बघत राहिली.

"एक वळसा," रणदिवे हळूच म्हणाले. "किल्ली एक वळसा फिरवा. मी चाचणी झालीच नाही असं लिहीन. गावाचं काहीतरी बघू. खाडी तरी वाचवा, मॅडम. तुमचीच आहे ती."

तिची बोटं किल्लीवर होती. चिखलातून दाजी येताना दिसले. गुडघ्यापर्यंत काळे, धापा टाकत. ती वाट बघत होती की ते ओरडतील, हात धरतील, काहीतरी सांगतील. दाजी धक्क्याच्या पायरीवर बसले आणि पायाचा चिखल निपटू लागले.

"मामांनू, ती मरतेय."

"दिसता माका."

"मग काय करू?"

"चेडवा, माका कौल लावूक येता, चिखल वाचूक नाय. तो तुका येता. तू सांग."

मंदाकिनीनं चिखल वाचला. वास जिथं खणलं होतं तिथून येत होता. म्हणजे विष बाहेर पडत होतं, आत मुरत नव्हतं. पण ते न्यायला पाणी नव्हतं. उघाडी बंद होती, आणि तिची मोटर खांबाच्या हाताखाली, म्हणजे मेलेली.

तिनं किल्ली खांबातून काढली, कमरेला खोचली, आणि पदर खोचून पायऱ्या उतरली. "येसूकाकी! खणणं थांबवू नका. तिवरांच्या ओळीत पण खणा, मधली दाटलेली रोपं उपटा. आणि पुरुष मंडळी सगळी बंधाऱ्यावर या. उघाडी हातानं उचलायची आहे."

"मोटरीची फळी ती," कुणीतरी म्हणालं. "हातान कशी हलतली?"

"तुझ्या आजाच्या टायमाक काय रॉकेट लावन उचलीत?" येसूकाकी कडाडली. "जा, जोर लाव!"

पहारी लावल्या, दोर बांधले, शेवटी म्हशी जुंपल्या. फळी कण्हत कण्हत उठली तेव्हा उधाणाचं पाणी यायला लागलं होतं. ते आत शिरलं ते असं, की दाजींची टोपी घेऊनच गेलं. सगळा काळा चिखल ढवळून वर आला, आणि ओहोटीला तेच पाणी ती काळी घाण पाठीवर घेऊन समुद्राकडे निघालं.

दुसऱ्या दिवशी आकडा आणखी पडला. तिवरांतली कितीतरी झाडं पिवळी पडली. मंदाकिनी खणत राहिली. तिला येसूकाकीनं जेवायला बोलावलं तरी ती गेली नाही, म्हणून येसूकाकी ताटच चिखलात घेऊन आली आणि शिव्या देत देत तिला भरवून गेली.

तिसऱ्या दिवशी आकडा थांबला. आदर्शाच्या जेमतेम निम्म्यावर, पण थांबला. म्हशी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर गेल्या, आकडा ढळला नाही. उपटलेल्या रोपांच्या जागी ऊन पडलं आणि तिथं खेकड्यांनी बिळं काढली. पाच वर्षांत कुणी बिळं काढली नव्हती, कारण गरजच नव्हती. उधाणाचं पाणी दुसऱ्यांदा आत आलं आणि बाहेर गेलं. आकडा एकदा खाली डुचमळला आणि परत जागेवर आला.

खांब म्हणाला, "स्थिती आदर्श नाही." मग थोडं थांबून, "स्थिती ढळत नाही."

जुव्यावर असा काही जल्लोष झाला की कोंबड्या उडून खोप्यांवर बसल्या. रणदिव्यांनी चक्क चष्मा काढून पुसला. मनुष्य सज्जनच, त्याला हरल्याचा आनंद झाला होता. "शिफारस रद्द," ते म्हणाले. "आणि मी आणखी एक केलंय. ह्या तीन दिवसांचीच नवी संदर्भ-स्थिती नोंदवून टाकली. तुमच्यासकट! आता तुम्हाला कुणी जा म्हणणार नाही."

"काय केलंत?" मंदाकिनी म्हणाली. पण तिचं बोलणं गोंगाटात बुडालं.

चौथ्या दिवशी सकाळी दाजींनी कौल लावला. देवानं परत जा म्हणून सांगितलं. चाचणी संपली होती म्हणून नियमाप्रमाणे खांबाचा हात चालू झाला. गावानं बोजे उचलले, म्हशी हाकल्या, आणि सगळे भरतीच्या रेघेकडे निघाले. पहिल्यानं येसूकाकीनं काठाच्या ओल्या वाळूवर पाऊल ठेवलं आणि किंकाळी फोडून उडी मारली. मुंग्या! मागे सरकून चिखलात उभी राहिली, तर मुंग्या गेल्या. पुन्हा काठावर, पुन्हा मुंग्या. बघता बघता सगळं गाव काठावर नाचू लागलं आणि चिखलात थांबू लागलं.

"कृपया परत या," खांब म्हणाला. "संदर्भ-स्थितीच्या तुलनेत म्हशी कमी झाल्या आहेत. कोंबड्या कमी झाल्या आहेत. एक सायकल कमी आहे. कृपया परत या."

"ह्येका आमी आता जन्मभर चिखलात व्हये!" येसूकाकी किंचाळली. "आदी भायर जा म्हणालो, आता येवा म्हणता. मेल्याक एक कायतरी ठरवूक सांगा!"

रणदिवे पांढरे पडले. "मी... मी सेटिंग बदलतो. गणपतीचे दिवस घेऊ? की शिमग्याचे? तुम्ही सांगा कोणते, मी तेच नोंदवतो."

"कुठलेच नाही," मंदाकिनी म्हणाली.

दाजींच्या कमरेला कोयती होती. ती तिनं काढून घेतली. नाचत, ओठ चावत, वाळूचा पट्टा ओलांडून ती धक्क्यावर चढली. खांबाच्या पायाशी जाड तारांचा जुडगा होता. ह्याच तारांनी खाडी गटारातून वर काढली होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. उद्या वरून पुन्हा घाण आली तर हा हात नसेल, हेही ठाऊक होतं. नकटी आली नव्हती. येईल असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

तिनं कोयती उचलली आणि घातली. तिसऱ्या घावाला जुडगा तुटला. काठावरचा नाच एकदम थांबला. बारीक तारांना तिनं हात लावला नाही.

"माझा हात बंद आहे," खांब म्हणाला. "संदर्भ-स्थिती नोंदवा."

"नाही नोंदवणार."

"मग मी काय राखू?"

"राखू नकोस. ऐक. पावसात ऐक, उन्हात ऐक, आम्ही आत असू तेव्हा ऐक, बाहेर असू तेव्हा ऐक. खाडी बिनसली तर बोंब मार, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. काय करायचं ते आम्ही भांडून ठरवू. चुकलो तर परत भांडू."

खालून म्हशी वर चढू लागल्या होत्या. बायकांनी डोक्यावरच्या टोपल्या सावरल्या. मुळ्यांनी भरलेल्या टोपल्यांतून काळं पाणी त्यांच्या खांद्यांवर गळत होतं आणि त्याची कुणाला फिकीर नव्हती.

रणदिव्यांनी तुटलेला जुडगा उचलून हातात धरला, मेलेली घोरपड धरावी तसा. "मॅडम, ही सरकारी मालमत्ता आहे. वरचे लोक मला विचारतील. कुणाच्या परवानगीनं तोडली, काय सांगू?"

मंदाकिनीनं कोयती पदराला पुसली आणि सासऱ्याला परत दिली.

"सांगा, त्यांनी स्वतः यावं आणि विचारावं," ती म्हणाली, आणि घराकडे वळली. "आम्ही इथंच राहतो."